फॉल्समचा तुरुंग की तांबड्या केसांचा परका: कंट्री संगीताची सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी?

अमेरिकेतील कंट्री संगीत आपल्याकडे बहुधा सुट्या गाण्यांतून पोहोचते. महाविद्यालयाच्या गॅदरिंगमध्ये कोणीतरी गिटार घेऊन जॉन डेन्व्हरचे ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ म्हणतो आणि पुष्कळांची या संगीताशी ओळख तेथेच सुरू होऊन तेथेच थांबते. त्यापलीकडे जाऊन एखादा संपूर्ण अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा असे ज्याला वाटते, त्याच्यापुढे जाणकार मंडळी दोन नावे हमखास ठेवतात. एक म्हणजे कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगात कैद्यांपुढे गायलेला जॉनी कॅशचा १९६८ सालचा ‘ॲट फॉल्सम प्रिझन’ आणि दुसरे म्हणजे विली नेल्सनचा १९७५ सालचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’. दोन्ही कोलंबिया कंपनीने काढले, दोन्ही लाखोंच्या संख्येने खपले आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची जी राष्ट्रीय यादी केली आहे तिच्यात पहिला २००३ साली आणि दुसरा २००९ साली दाखल झाला. तरीही हे दोन अल्बम ऐकणाऱ्याकडून अगदी वेगळ्या गोष्टींची अपेक्षा करतात, आणि म्हणूनच यातला कोणता आधी घ्यावा हा प्रश्न केवळ आवडीनिवडीवर सोडून देण्यासारखा नाही. माझे मत आधीच सांगून ठेवतो: ज्याला कंट्री संगीत म्हणजे काय आणि त्याची ओढ लोकांना का वाटते हे एका बैठकीत समजून घ्यायचे आहे, त्याने फॉल्सम ऐकावा, परंतु पैसे खर्चून एकच तबकडी घरात आणायची असेल आणि ती वर्षानुवर्षे ऐकायची असेल, तर ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ आणावा. असे मत का झाले, ते पुढे मांडतो.

हे दोन्ही अल्बम कशाच्या विरोधात उभे राहिले, हे ठाऊक नसेल तर त्यांचे वेगळेपण कानाला जाणवणार नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॉक अँड रोलच्या लाटेपुढे कंट्री संगीताचा बाजार आटू लागला, तेव्हा टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली यांच्यासारख्या निर्मात्यांनी एक नवी घडण तयार केली. खेड्यातले वाटणारे फिडल (म्हणजे लोकसंगीताच्या ढंगात वाजवलेले व्हायोलिन) आणि तारांवर पट्टी सरकवून वाजवायची स्टील गिटार मागे सारून त्यांच्या जागी व्हायोलिनांचा ताफा आणि मऊ सुरातला पार्श्वगायकांचा समूह आणण्यात आला, जेणेकरून शहरी श्रोत्यालाही ते आपले वाटावे. या घडणीला ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणतात. तिने काही अप्रतिम गाणी दिली, यात शंका नाही. पॅट्सी क्लाइनने १९६१ साली गायलेले ‘क्रेझी’ हे त्यांतलेच, आणि ते लिहिणारा तरुण गीतकार होता विली नेल्सन. परंतु या पद्धतीत गायकाच्या हाती फारसे काही उरत नसे. गाणी कोणती घ्यायची, वादक कोण असावेत, व्हायोलिने किती असावीत, हे निर्माता आणि कंपनी ठरवीत. गायकाने ठरलेल्या वेळी स्टुडिओत येऊन गावे आणि जावे, अशी रीत होती. कॅश आणि नेल्सन या दोघांनी ही रीत मोडली, मात्र दोन वेगळ्या दिशांनी. कॅश स्टुडिओच सोडून बाहेर पडला, तर नेल्सनने स्टुडिओत राहून तो जवळजवळ रिकामा केला.

कॅशच्या अल्बमची मुळे त्याच्या लष्करी नोकरीत आहेत. आर्कान्सा राज्यातील डायेस येथे कापसाच्या शेतावर वाढलेला हा मुलगा अमेरिकी हवाई दलात भरती होऊन पश्चिम जर्मनीतील लँड्सबर्गला गेला, आणि तेथे फॉल्सम तुरुंगावरचा एक चित्रपट पाहून त्याने ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे गाणे लिहिले. १९५५ साली सन रेकॉर्ड्सने ते काढले. या गाण्याची चाल आणि बरेचसे शब्द गॉर्डन जेंकिन्स या संगीतकाराच्या एका आधीच्या रचनेवरून घेतलेले होते आणि पुढे कॅशला त्याची भरपाई द्यावी लागली, हेही येथे नोंदवले पाहिजे, कारण या गाण्याची थोरवी सांगताना ही बाब अनेकदा गाळली जाते. गाणे गाजल्यावर कैद्यांची पत्रे येऊ लागली आणि १९५७ पासून कॅश तुरुंगांत जाऊन कार्यक्रम करू लागला. अशा कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करावे ही त्याची जुनी इच्छा होती, पण कंपनीला त्यात राम वाटत नव्हता. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तो उत्तेजक गोळ्यांच्या आहारी गेला होता, कार्यक्रम रद्द होत होते, विक्रीही मंदावली होती. १९६७ साली बॉब जॉन्स्टन हा नवा निर्माता आला आणि त्याने होकार दिला. १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगाच्या भोजनगृहात सकाळी एक आणि दुपारी एक असे दोन कार्यक्रम झाले. दुसऱ्या कार्यक्रमापर्यंत मंडळी थकली होती. मूळ तबकडीवरील सोळा गाण्यांपैकी चौदा पहिल्याच कार्यक्रमातली आहेत.

ही तबकडी सुरू होते ती कॅशने स्वतःची ओळख करून देणाऱ्या चार शब्दांनी. त्याने नाव सांगेपर्यंत टाळ्या वाजवू नका, अशी सूचना कैद्यांना आधीच दिलेली होती, त्यामुळे नाव उच्चारले जाताच दाबून धरलेला गलका एकदम फुटतो आणि त्याच क्षणी लूथर पर्किन्सची गिटार सुरू होते. ही गिटार नीट ऐकावी. खालच्या तारांवर, तळव्याने दाबून घेतलेले, मोजकेच स्वर. त्याखाली मार्शल ग्रँटचा बास आणि डब्ल्यू. एस. हॉलंडचे ड्रम. धावत्या आगगाडीसारखा जो ठेका तयार होतो, तो मुळात पर्किन्स आणि ग्रँट यांच्या वादनमर्यादेतून जन्मला असे म्हणतात, पण त्या मर्यादेला त्यांनी इतके घट्ट रूप दिले की नंतर कितीही कुशल वादक आले तरी तो ठेका तसा वाजवणे सोपे राहिले नाही. कॅशचा खर्जातला आवाज त्या दिवशी थोडा खरखरीत आहे, काही ठिकाणी सूर निसटतो, एका गाण्याच्या मधोमध त्याला हसू येते आणि तो श्रोत्यांनाच दटावतो. गाण्यांच्या मध्ये तुरुंगाच्या ध्वनिक्षेपकावरून कैद्यांना बोलावणे येते, आणि तेही तसेच ठेवलेले आहे. हे सारे पुसून टाकता आले असते. ते ठेवल्यामुळे आपण गाणी ऐकत नसून एका खोलीत बसलो आहोत असे वाटू लागते.

गाण्यांची निवड हा या अल्बमचा खरा पराक्रम आहे. कैद्यांपुढे गाताना त्यांना उपदेश करणारी किंवा विसर पाडणारी गाणी घेणे सोपे होते. कॅशने घेतली ती फाशी जाणाऱ्या माणसाची, खाणीत जन्म काढणाऱ्या मजुराची, भिंत ओलांडताना मारल्या गेलेल्या कैद्याची आणि आईचा फोटो पाठव म्हणणाऱ्याची. ‘ट्वेंटी फाइव्ह मिनिट्स टू गो’ या गाण्यात फासावर चढवलेला माणूस एकेक मिनिट मोजत जातो, आणि ज्या तुरुंगात १९३७ पर्यंत खरोखर फाशी दिली जात होती तेथे बसलेले कैदी प्रत्येक मिनिटाला हसतात. हे हसणे ऐकताना अंगावर काटा येतो. एक गोष्ट मात्र माहीत असावी: पहिल्या गाण्यात, केवळ मरताना पाहावे म्हणून एका माणसाला गोळी घातल्याची ओळ आली की जो जल्लोष ऐकू येतो, तो नंतर स्टुडिओत मिसळलेला आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमात कैदी त्या ओळीवर ओरडले नव्हते. मला वाटते, ही माहिती अल्बमची किंमत कमी करीत नाही, पण त्याच्याकडे कसे पाहावे ते शिकवते. जे कैदी स्वतः गुन्ह्यांची शिक्षा भोगत होते ते त्या ओळीला गप्प राहिले, आणि त्या ओळीवर जल्लोष हवा होता तो बाहेरच्या जगाला.

शेवटचे गाणे ‘ग्रेस्टोन चॅपल’ हे फॉल्सममध्येच शिक्षा भोगत असलेल्या ग्लेन शर्ली या कैद्याने लिहिलेले आहे. एका धर्मोपदेशकाकरवी त्याची टेप कॅशला आदल्या संध्याकाळी मिळाली, रात्री मोटेलवर त्याने ते बसवले आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगेत बसलेल्या शर्लीच्या देखत गायले. शर्लीला याची आधी कल्पना नव्हती. पुढे १९७१ साली त्याची सुटका झाली, कॅशने त्याला आपल्या ताफ्यात घेतले, १९७२ साली दोघांनी तुरुंग सुधारणेविषयी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्षही दिली. पण बाहेरचे आयुष्य शर्लीला पेलले नाही आणि १९७८ साली त्याने आत्महत्या केली. अल्बमच्या प्रभावाची चर्चा करताना विक्रीचे आकडे आणि पुरस्कार सांगितले जातात. मला हा भागही तितकाच त्याचा वारसा वाटतो. एका दिवसाच्या गाण्याने एका माणसाचे आयुष्य उजळले, पण ते सावरायला गाणे पुरे पडले नाही.

आता दुसरा अल्बम. टेक्सासमधील ॲबट या गावी जन्मलेला विली नेल्सन १९६० च्या दशकात गीतकार म्हणून नावाजलेला होता, पण गायक म्हणून त्याच्या तबकड्यांना नॅशव्हिलचा साज चढवला जाई आणि त्या फारशा खपत नसत. टेनेसीतील घर जळाल्यानंतर तो टेक्सासला परतला आणि ऑस्टिन शहरात स्थिरावला, जिथे लांब केसांचे हिप्पी तरुण आणि काउबॉय टोप्या घातलेले मजूर एकाच सभागृहात त्याला ऐकायला येत. ॲटलांटिक कंपनीसाठी दोन चांगले अल्बम केल्यावर तिचा कंट्री विभागच बंद पडला, तेव्हा तो कोलंबियाकडे गेला, आणि करारात त्याने एक अट घालून घेतली: अल्बममध्ये काय असावे याचा शेवटचा निर्णय त्याचा. १९७५ च्या जानेवारीत डॅलसजवळच्या गार्लंड येथील एका लहान स्टुडिओत, स्वतःच्याच वादकांना घेऊन, काही दिवसांत त्याने हा अल्बम पुरा केला. त्याचा खर्च चार हजार डॉलरच्या आसपास झाला असे सांगतात. कंपनीच्या वरिष्ठांनी ती टेप ऐकली तेव्हा हा कच्चा नमुना आहे, यावर अजून वाद्ये चढवायची आहेत, असा त्यांचा समज झाला. ती ऐकवायला गेलेला नेल्सनचा मित्र आणि कंट्री गायक वेलन जेनिंग्ज त्यावर संतापला, अशी आठवण संबंधितांनी सांगितलेली आहे. करारामुळे कंपनीला अल्बम जसा होता तसा काढावा लागला.

त्या अधिकाऱ्यांचा गैरसमज समजण्यासारखा होता. यात आहेच काय? नायलॉनच्या तारांची, भोक पडलेली जुनी मार्टिन गिटार, जिला नेल्सन ‘ट्रिगर’ म्हणतो. बहीण बॉबी नेल्सनचा प्रार्थनामंदिरातल्यासारखा साधा पियानो. मिकी राफाएलचा माउथ ऑर्गन. कधी बास, कधी हलके ड्रम. आणि पुष्कळ मोकळी जागा. कित्येक ठिकाणी आवाज आणि गिटार यांखेरीज काहीच नाही. नेल्सन ठेक्याला चिकटून गात नाही. शब्द कधी मागे ठेवतो, कधी पुढे टाकतो आणि ओळीच्या शेवटी बरोबर जागेवर येतो. त्याचा आवाज पातळ, किंचित नाकातला आहे. पहिल्यांदा ऐकताना तो कॅशच्या आवाजासारखा छाप पाडत नाही. पण वाद्ये इतकी कमी असल्यामुळे त्या आवाजाची एकही हालचाल लपत नाही, आणि तीन-चार वेळा ऐकल्यावर लक्षात येते की ओळीतला भाव तो शब्द किती उशिरा टाकतो यात आहे.

हा अल्बम म्हणजे सुटी गाणी नसून एक सलग कथा आहे. १९०१ सालच्या सुमारास एका धर्मोपदेशकाची बायको जुन्या प्रियकराबरोबर निघून जाते. तो आधी रडतो, मग त्यांचा माग काढतो आणि ब्लू रॉक नावाच्या गावी खाणावळीत दोघांना गोळ्या घालतो. त्यानंतर काळ्या घोड्यावर बसून, बायकोचा तांबूस घोडा मागे बांधून तो भटकत राहतो. एक स्त्री त्या घोड्याला हात लावते आणि तीही प्राणाला मुकते. उत्तरार्धात त्याला डेन्व्हर शहरात दुसरी स्त्री भेटते आणि कथा हळूहळू निवाऱ्याकडे सरकते. शीर्षकगीत नेल्सनचे नाही. १९५० च्या दशकात फोर्ट वर्थ येथे रेडिओवर निवेदक असताना तो ते लहान मुलांसाठी लावीत असे आणि पुढे आपल्या मुलांना झोपवताना म्हणत असे. त्याभोवती त्याने इतरांची जुनी गाणी, एक स्तोत्र, दोन नाचाच्या धुना आणि स्वतःची काही जोडगाणी गुंफली. ‘टाइम ऑफ द प्रीचर’ हे आरंभीचे गाणे मध्येमध्ये तुकड्यांनी परत येते आणि कथेला पुढच्या प्रसंगावर नेऊन सोडते. कीर्तनातले आख्यान ऐकत वाढलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही: बुवा कथा सांगता सांगता दुसऱ्या कोणाचे पद घेतात, त्या पदाला कथेत नवा अर्थ चढतो आणि ध्रुवपद पुन्हा मूळ धाग्यावर आणते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’. फ्रेड रोजने लिहिलेले हे विरहगीत १९४० च्या दशकापासून अनेकांनी गायलेले होते. एकटे ऐकले तर ते साधे आहे: पावसात निरोप घेताना पाहिलेले तिचे डोळे, सरत गेलेले आयुष्य आणि पलीकडच्या जगात भेटीची आशा. नेल्सनने ते अल्बममध्ये खुनाच्या लगेच नंतर ठेवले आहे. शब्द एकही बदललेला नाही, पण आता ते गाणारा माणूस तिला स्वतःच्या हाताने मारून आलेला आहे. परलोकी पुन्हा भेटू ही ओळ सांत्वनाची राहत नाही. मागे गिटारचा झंकार, बासचा हलका आधार, दुसऱ्या आवाजाची पुसट साथ आणि मधे ट्रिगरवर वाजवलेला छोटा, जवळजवळ चाचपडत गेलेला तुकडा, एवढेच आहे. गायक म्हणून नेल्सनचे कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेले हे पहिले गाणे, आणि त्यासाठी त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. रेडिओवर सुटे ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांना ते गोड विरहगीत वाटले असणार. तेच गाणे त्याच्या जागी ऐकले की त्याचा थरकाप समजतो, आणि संपूर्ण अल्बम ऐकण्याचे कारण दुसऱ्या कशाने पटले नाही तरी यामुळे पटावे.

या ठिकाणी एका अडचणीचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे, कारण निवड करणाऱ्याला तिचा सामना करावा लागेल. दोन्ही अल्बमांत स्त्रियांचे खून आहेत. कॅशचे ‘कोकेन ब्लूज’ प्रेयसीला मारून पळालेल्या माणसाच्या तोंडचे आहे आणि त्यावर कैद्यांचा उत्साह ओसंडून वाहतो. नेल्सनच्या कथेत घोडा चोरणाऱ्या बाईला मारल्याबद्दल माणसाला फाशी देता येत नाही, असे गाणेच सांगून टाकते. खुनाच्या कथा गाण्याची ही परंपरा ब्रिटिश बेटांवरून आलेल्या जुन्या बॅलडपर्यंत, म्हणजे कथागीतांपर्यंत, मागे जाते, एवढे सांगून मला सुटता येईल असे वाटत नाही. माझ्या मते फॉल्सममध्ये या गाण्याला त्याच्या श्रोत्यांमुळे वजन येते, कारण ते शिक्षा भोगणाऱ्यांपुढे गायले आहे आणि गाण्यातला माणूसही शेवटी नव्व्याण्णव वर्षांच्या शिक्षेसह फॉल्सममध्येच येऊन पोहोचतो. ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’मध्ये मात्र खुनी माणसाला शिक्षा नाही, फक्त एकटेपण आहे, आणि घोड्याला हात लावणाऱ्या त्या स्त्रीच्या मरणापाशी कथा पुरेशी थांबत नाही. हा त्या अल्बमचा दोष आहे असे मी मानतो. ज्यांना हे असह्य होईल त्यांनी फॉल्समचाच विचार करावा, किंवा दोन्ही बाजूला ठेवून डॉली पार्टन या कंट्री गायिकेकडे वळावे, तेथेही निराशा होणार नाही.

प्रभावाच्या बाबतीत दोघांची तुलना केली तर कॅशचा प्रभाव डोळ्यांना दिसतो आणि नेल्सनचा कामाच्या पद्धतीत मुरलेला आहे. फॉल्समने कॅशची कारकीर्द सावरली. तुरुंगातले ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ १९६८ च्या उन्हाळ्यात वर चढत असतानाच रॉबर्ट केनेडींची हत्या झाली, गोळी घालण्याच्या ओळीमुळे रेडिओ केंद्रे ते वाजवेनात, कंपनीने ती ओळ काढून नवी प्रत पाठवली आणि गाणे कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढल्या वर्षी सॅन क्वेंटिन तुरुंगातला अल्बम निघाला, एबीसी वाहिनीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच भागात बॉब डिलन व जोनी मिचेल आले. कंट्री गायक हा परंपरेचा राखणदारच असतो ही समजूत त्याने मोडली आणि रॉक ऐकणाऱ्या तरुणांना या संगीताचे दार उघडून दिले. १९९४ साली रिक रुबिन या निर्मात्याने त्याला नुसत्या गिटारवर गायला बसवून ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ केला, तेव्हा एका नव्या पिढीने ज्या काळ्या कपड्यांतल्या, उतारवयाच्या, गंभीर माणसाला डोक्यावर घेतले, तो माणूस लोकांच्या मनात फॉल्सममध्येच घडलेला होता.

नेल्सनच्या अल्बमने वेगळी गोष्ट केली. कलावंताने आपल्या मर्जीने, आपल्या वादकांना घेऊन, थोडक्या खर्चात केलेले काम कंपनीच्या हिशेबापेक्षा जास्त खपू शकते, हे त्याने सिद्ध केले. कराराच्या लढाईत वेलन जेनिंग्ज त्याच्या आधी उतरला होता आणि श्रेय वाटताना त्याला विसरता येणार नाही. पण मनासारखे मुद्रण करण्याच्या हक्कातून काय निघू शकते याचा निर्विवाद पुरावा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ने दिला. १९७६ च्या आरंभी वेलन, विली, जेसी कोल्टर आणि टॉमपॉल ग्लेझर यांच्या गाण्यांचा ‘वॉन्टेड! द आउटलॉज’ हा संग्रह निघाला आणि दहा लाख प्रती खपल्याचे प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळवणारा तो पहिला कंट्री अल्बम ठरला. ‘आउटलॉ’, म्हणजे कायदा न जुमानणारा, हा शिक्का नंतर बाजाराने इतका वापरला की त्यातला बंडाचा अंश बराचसा निघून गेला. कथेसारखा एकसंध अल्बम करण्याची हिंमत मात्र टिकली. २००३ साली कार्ला बोझुलिच या गायिकेने हा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत पुन्हा गायला, आणि त्यात नेल्सन स्वतः सहभागी झाला. पुरुषाच्या सूडाची कथा स्त्रीच्या आवाजात ऐकताना वर सांगितलेल्या दोषाकडे आपोआप लक्ष जाते. २०२१ साली स्टर्जिल सिम्प्सन या कंट्री गायकाने अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातल्या केंटकीमधील एका जोडप्याची कथा अशीच एका अल्बमभर सांगितली, आणि त्यातल्या एका गाण्यात नेल्सनची ट्रिगर वाजते.

तेव्हा निवड करताना स्वतःला काय विचारावे? पहिला प्रश्न भाषेचा आहे. ज्याचा इंग्रजी गाणी ऐकण्याचा सराव बेताचा आहे त्याला कॅश सोपा जाईल, कारण त्याचे उच्चार सुटे आणि ठसठशीत आहेत, गाणी छोटी आहेत आणि एखादा शब्द निसटला तरी श्रोत्यांच्या हसण्यावरून, टाळ्यांवरून प्रसंग कळतो. नेल्सनच्या अल्बममध्ये कथेचा धागा शब्दांत आहे आणि तो कोठेही दोनदा समजावला जात नाही. पहिल्या वेळी गाण्यांचे शब्द समोर ठेवून ऐकणे श्रेयस्कर. दुसरा प्रश्न ऐकण्याच्या सवयीचा. प्रवासात, गाडीत, कामे करता करता ऐकायचे असेल तर फॉल्सम उत्तम, कारण मध्येच लक्ष गेले तरी तो परत ओढून घेतो. ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ जेमतेम पस्तीस मिनिटांचा आहे, पण ती पस्तीस मिनिटे सलग आणि शांत हवीत. रहदारीच्या आवाजात तो अक्षरशः ऐकू येत नाही. तिसरे म्हणजे पुन्हा ऐकण्याची गोष्ट, आणि माझा कल येथेच ठरतो. फॉल्सम पहिल्याच वेळी आपले सर्वस्व देऊन टाकतो. नंतर आपण तो ऐकतो ते त्या खोलीत पुन्हा जाऊन बसण्यासाठी. नेल्सनचा अल्बम पहिल्या वेळी अर्धाच हाती लागतो. पुढच्या प्रत्येक वेळी एखादी रिकामी जागा, एखादा उशिरा टाकलेला शब्द, दोन गाण्यांमधला एखादा संबंध नव्याने उलगडतो, आणि वय वाढते तसा त्याचा शेवटचा भाग अधिक जवळचा वाटू लागतो.

कोणती आवृत्ती घ्यावी, याचेही उत्तर दोघांसाठी वेगळे आहे. फॉल्समची मूळ १९६८ ची तबकडी सोळा गाण्यांची असून पाऊण तासाच्या आसपास संपते. १९९९ च्या पुनर्प्रकाशनात तीन गाणी वाढवली आणि मूळ तबकडीत झाकलेले काही शब्द व संभाषणे परत आणली. नव्या श्रोत्याने हीच आवृत्ती घ्यावी, कारण त्या दिवसाचे वातावरण तिच्यात जास्त सच्चे आहे. दोन्ही कार्यक्रम संपूर्ण देणारा २००८ सालचा संच अभ्यासकांसाठी मोलाचा आहे, पण तीच गाणी दोनदा ऐकावी लागत असल्याने सुरुवात त्याने करू नये. याउलट ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’च्या बाबतीत वाढीव काहीही टाळावे. २००० सालच्या आवृत्तीत शेवटी चार जादा रचना जोडल्या आहेत. त्या वाईट नाहीत, परंतु ‘हँड्स ऑन द व्हील’ हे कथेला मुक्कामाला नेणारे गाणे आणि त्यानंतरची ‘बंडेरा’ ही नुसत्या वाद्यांची छोटी धून यांच्यावरच हा अल्बम संपलेला आहे. जी प्रत हाती येईल तिच्यात पुढे काही असल्यास पंधराव्या रचनेनंतर ती थांबवावी.